हजेरी : बेकारी सिद्ध करण्याचा इतिहास

‘हजेरी’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत. वर्गात शिक्षक हजेरी घेतात तेव्हा उपस्थितांची नोंद होते; आणि एखाद्याची ‘चांगली हजेरी घेतली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याची खरडपट्टी काढलेली असते. अरबीतून आलेला हा शब्द पहिल्या अर्थापासून दुसऱ्यापर्यंत कसा पोहोचला हे कोशकारांवर सोपवू. आमचा तर्क एवढाच की, ज्याला हजर राहून दाखवावे लागते तो हजेरी घेणाऱ्यापेक्षा नेहमी खालच्या पायरीवर उभा असतो, आणि भाषेने ही पायरी बरोबर टिपली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंद झालेल्या माणसांना गावच्या पाटलाकडे वा पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’मध्ये (१९८७) त्या हजेरीची सावली घरादारावर कशी पडते हे विद्यार्थ्यांनी वाचलेले असते. परंतु हजेरीची आणखी एक परंपरा आहे आणि तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ती म्हणजे हाताला काम नसलेल्या माणसाने, आपल्याला खरोखरच काम नाही आणि खरोखरच काम हवे आहे, हे सरकारदरबारी सिद्ध करण्यासाठी द्यावयाची हजेरी.

पाश्चात्त्य देशांत हा विषय परिचयाचा आहे. इंग्लंडमध्ये १९२१ ते १९३० या काळात बेकारभत्ता मागणाऱ्यास आपण मनापासून काम शोधत आहोत हे पटवून द्यावे लागे. न मिळणारे काम शोधत किती दारे ठोठावली याचा हिशेब अधिकाऱ्यापुढे मांडावा लागे. केन लोच यांच्या ‘आय, डॅनिअल ब्लेक’ (२०१६) या चित्रपटातील न्यूकॅसलच्या आजारी सुताराला डॉक्टरांनी काम करू नको म्हणून सांगितलेले असते, तरी भत्त्यासाठी त्याला आठवड्याचे पस्तीस तास नोकरी शोधावी लागते आणि अर्ज कसा लिहावा याच्या वर्गालाही बसावे लागते. हा चित्रपट पाहताना आपल्याकडील प्रेक्षक साहजिकच म्हणतो, आमच्याकडे भत्ताच नाही, तर असल्या वर्गांची सक्ती कुठून असणार? हे म्हणणे अर्धेच खरे आहे. महाराष्ट्रात बेकारभत्त्याची तरतूद कायद्यात १९७९ पासून आहे आणि तिच्यामागची कसोटी तर त्याहून शंभर वर्षे जुनी आहे. तिचा माग काढण्यास खानदेश, आणि त्यातही दोंडाईच्याचा परिसर, सोयीचा आहे.

१८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये आजचा शिंदखेडा तालुका ‘विरदेल’ या नावाने आला आहे. खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची वाटणी १९०६ मध्ये झाली. दोंडाईचा याच तालुक्यातले मोठे बाजारपेठेचे गाव. तापी उत्तरेला वाहते खरी, पण तिच्या दक्षिणेकडील हा पट्टा पावसाच्या भरवशावर जगणारा. पाऊस चुकला की मजुराचे काम आधी जाते आणि धान्य नंतर. धान्य बाजारात असते, ते विकत घेण्यास हातात पैसा नसतो. दुष्काळ म्हणजे मुळात बेकारीच, ही गोष्ट इंग्रज प्रशासनाला १८७६-७८ च्या दुष्काळात उमगली, आणि तिच्याबरोबरच एक भीतीही त्याच्या मनात बसली : मदत सोपी केली तर गरज नसलेलेही रांगेत उभे राहतील.

या भीतीतून दोन कसोट्या निघाल्या. पहिली अंतराची. मदतीचे काम मजुराच्या गावाजवळ ठेवायचे नाही, काही ठिकाणी तर दहा मैलांच्या आत ठेवायचे नाही. जो घरदार सोडून तेवढे चालून येईल आणि कामावरच मुक्काम करील तोच खरा गरजू. दुसरी श्रमाची. खडी फोडण्याचे वा माती उचलण्याचे ठरावीक माप पूर्ण करायचे, आणि मजुरी अशी की तीत जेमतेम जीव राहावा. सर रिचर्ड टेंपल यांनी जानेवारी १८७७ मध्ये दिवसाचे धान्य दीड पौंडावरून एक पौंडावर आणले आणि वर एक आणा ठेवला. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला हे पुरते असे टेंपल यांना मनापासून वाटत होते की नाही, हा प्रश्न आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. हेच गृहस्थ त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले एवढे नोंदवून पुढे जाऊ. महत्त्वाचे आहे ते मजुरांनी काय केले हे. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी कमी मजुरीचे काम नाकारावे, ही घटना त्या कसोटीच्या तर्कात कुठेच बसत नव्हती. काम नाकारले म्हणजे गरज नाही, असा तो तर्क. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली आणि गरज असूनही माणूस काम नाकारू शकतो हे सांगण्याचा प्रयत्न केला.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ‘फॅमिन कोड’ तयार झाले. त्यात ‘कसोटीची कामे’ नावाचा एक प्रकार आहे. पाऊस गेल्यावर सरकारने प्रथम कष्टाचे आणि कमी मजुरीचे एखादे काम काढून पाहायचे. लोक त्यावर गर्दीने आले तर दुष्काळ आहे, न आले तर नाही. अवर्षणाचा मापक म्हणून माणसाचे शरीर वापरण्याची ही पद्धत प्रशासनाच्या दृष्टीने चतुर होती. पंचनामा नको, उत्पन्नाचा दाखला नको, गावच्या पुढाऱ्याची शिफारस नको. पण या कोडने एक दुसरी गोष्टही नकळत केली : मदत ही कृपा न राहता लेखी नियम झाली, आणि नियम असला की तो वाचून दाखवता येतो. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळक आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते यांनी नेमके हेच केले. कोडमधील तरतुदी मराठीत छापून गावोगाव वाटल्या, तुमचा हक्क काय आहे ते शेतकऱ्यांस सांगितले. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. सरकारी नियम सरकारच्याच प्रजेला वाचून दाखवणे एवढाच जिचा मुख्य गुन्हा होता अशी संस्था क्वचितच सापडेल.

पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून गुजरात-राजस्थानात तो ‘छप्पनिया’ ठरला, आणि तापीच्या खोऱ्यालाही त्याने सोडले नाही. या दुष्काळांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाच्या हाती येतात ते कामावरच्या मजुरांचे आकडे. कोणत्या महिन्यात किती लाख माणसे कामावर होती हे सांगता येते. जी माणसे दहा मैल चालू शकली नाहीत, माप पूर्ण न झाल्याने मजुरी कापली गेली म्हणून परतली, किंवा लाजेने गेलीच नाहीत, त्यांची वही कोणी ठेवली नाही. हजेरीपत्रकात फक्त हजर असलेले दिसतात, हे उघड आहे. पण त्या पत्रकावरून दुष्काळाची तीव्रता मोजली गेली हे लक्षात घेतले की उघड गोष्टीचे गांभीर्य कळते.

आता महाराष्ट्र राज्याकडे वळू. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ मध्ये वि. स. पागे यांच्या प्रेरणेने एक प्रयोग झाला : मागेल त्याला काम. पागे अनेक वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांची मूळ कल्पना दुष्काळी मदतीची नव्हती. ज्याला अंगमेहनत करायची आहे त्याला काम देणे हे राज्याचे कर्तव्य, ही होती. १९७२ च्या महाराष्ट्रदिनी योजना जाहीर झाली आणि लगेच दुष्काळाने तिला गाठले. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खानदेशातील वयोवृद्धांच्या बोलण्यात त्या वर्षाची खडी, मिलो आणि सुकडी अजून येते. दोंडाईच्याच्या उत्तरेला, तापीपलीकडे, शहाद्यात त्याच वर्षी अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांची श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासी शेतमजुरांनी जमिनीबरोबरच कामाचीही मागणी करण्यास सुरुवात केली. म्हणजे पाऊणशे वर्षांपूर्वी इतरांनी वाचून दाखवलेला नियम आता मजूर स्वतः बोलू लागले होते.

रोजगार हमी कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता देण्याचे बंधन त्यात होते. भत्ता किती? दिवसाला किमान एक रुपया. योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. आम्हां प्राध्यापक मंडळींच्या पगारपत्रकातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात तो हाच कर. अध्यापककक्षात या कपातीबद्दल कुरकुर नेहमी ऐकू येते. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा खर्च उचलावा अशी थेट तजवीज तीत होती, याचा उल्लेख मात्र सहसा होत नाही. मराठी मध्यमवर्ग ज्या थोड्या गोष्टींबद्दल अभिमान बाळगू शकेल त्यांत या कराची गणना आम्ही करू, जरी तो त्याने हौसेने दिलेला नसला तरी.

तो एक रुपया फार थोड्यांना मिळाला. योजनेचा अभ्यास करणाऱ्यांचे याबाबत जवळपास एकमत आहे. कारण सोपे आहे. भत्त्याचा हक्क मागणीच्या तारखेपासून सुरू होतो. तारीख ठरते ती अर्जाच्या पोचपावतीने. आणि पावती द्यायची ती ज्याच्यावर भत्त्याचा ठपका येणार त्याच यंत्रणेने. अर्ज तोंडी ऐकला, ‘काम निघाले की कळवतो’ असे सांगितले, की घड्याळ सुरूच होत नाही. शिवाय नवे काम काढायचे तर पुरेसे मजूर एकत्र हवेत, म्हणजे एकट्यादुकट्याची बेकारी कायद्याच्या डोळ्यांना दिसणारच नाही. माणूस बेकार असतो एकटा, पण त्याला बेकार ठरायचे तर जमावाने.

या जागी कसोटीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. अंगमेहनतीच्या कामावर येईल तो गरजू, हा टेंपल यांच्या काळातला निकष रोजगार हमीनेही ठेवला. पण त्यातील विष बरेचसे काढून. दाखल्यांच्या राज्यात दाखला न मागणारी योजना ही सामान्य गोष्ट नव्हे. दारिद्र्यरेषेची यादी करताना गावात कोणाचे नाव चढते आणि कोणाचे गळते हे ज्याने पाहिले आहे, त्याला मातीकामाची कसोटी अधिक प्रामाणिक वाटली तर नवल नाही. ज्याँ द्रेज आणि अमर्त्य सेन यांनी याच गुणासाठी अशा योजनांची बाजू घेतली. बायका मोठ्या संख्येने या कामांवर आल्या, कारण तिथे घरधन्याच्या नावाचा सातबारा कोणी विचारत नव्हते. आणि अंतराची कसोटी तर शब्दशः उलटी झाली : २००५ च्या केंद्रीय कायद्यात काम पाच किलोमीटरच्या आत देण्याचा नियम होता, त्यापलीकडे दिल्यास दहा टक्के जास्त मजुरी. दहा मैल चालायला लावणाऱ्या नियमापासून इथपर्यंतचा प्रवास आम्ही कमी लेखत नाही. आमचे म्हणणे एवढेच की कसोटी उपयोगी असली तरी तिने मोजली जाते ती कसोटीला उतरण्याची ताकद. गरज ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्हींची गल्लत झाली की भत्ता कोणी घेतला नाही याचा अर्थ बेकार कोणी नव्हते असा होतो.

हजेरी घेणाऱ्याचीही एक कथा आहे. रोजगार हमीच्या कामांवर नोंद ठेवण्यासाठी ‘हजेरी सहाय्यक’ नेमले गेले. बहुतेक शिकलेली, नोकरी न मिळालेली गावातली मुले. ज्या योजनेने बेकारांची हजेरी घ्यायची तिच्यातच ती स्वतः तात्पुरती. काम बंद झाले की त्यांचेही नाव बंद. सेवेत कायम करून घेण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे मोर्चे आणि न्यायालये करावी लागली. रोजगार हमीवर एखादी चांगली मराठी कादंबरी कधी लिहिली गेली तर तिचा निवेदक हाच असावा असे आम्हांस राहून राहून वाटते : दोन्ही बाजू त्याने पाहिल्या आहेत, आणि वही त्याच्या हातात आहे.

त्याच्यापासून सुशिक्षित बेकारांकडे जाणे एका पावलाचे आहे. सेवायोजन कार्यालये १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी निघाली, नंतर सर्वांना खुली झाली आणि १९५६ मध्ये राज्यांकडे आली. रिक्त जागा कळवणे मालकांवर बंधनकारक करणारा कायदा १९५९ चा. दोंडाईच्याच्या पदवीधराने एस. टी.ने धुळे गाठायचे, नाव नोंदवायचे, कार्ड घ्यायचे आणि ठरावीक मुदतीत त्याचे नूतनीकरण करीत राहायचे. चुकले की नोंदणीची ज्येष्ठता गेली. येथे भत्ता नव्हताच, नोकरीही क्वचित. हजेरी मात्र होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निवड केवळ सेवायोजन कार्यालयाने पाठवलेल्या नावांपुरती मर्यादित ठेवू नये असा निर्वाळा दिल्यावर त्या कार्डाचे वजन आणखी घटले. तरीही ते घरातल्या पेटीत गुणपत्रिकांशेजारी जपून ठेवलेले असे. कार्ड असणे म्हणजे आपण अजून रांगेत आहोत.

या रांगेचे मराठी साहित्यातील सर्वांत सच्चे चित्र आमच्या मते खानदेशाच्या सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव पाटलाच्या कादंबऱ्यांत आणि सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) आहे. चांगदेव एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जात राहतो. ‘बारोमास’मधील उच्चशिक्षित एकनाथाला नोकरीसाठी लागणारे पैसेच नसतात. दोन्हींतली बेकारी म्हणजे कामाचा अभाव असे म्हणून भागत नाही. पुन्हा पुन्हा उभे राहून स्वतःला तपासू देण्याचा शीण तीत अधिक आहे. ज्या मुलाखतीचा निकाल आधी ठरला आहे तिला हजर राहणे ही एकप्रकारची कसोटीची कामेच. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

२०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली : बारावी झालेल्यास महिना सहा हजार, आय.टी.आय. वा पदविका असलेल्यास आठ, पदवीधरास दहा. मुदत सहा महिने, पुढे ती वाढवून अकरा झाली. तिला बेकारभत्ता म्हटलेले नाही. पैसे प्रशिक्षणार्थीच्या हजेरीवर मिळतात, आणि मुदत संपल्यावर नोकरीची हमी नाही. प्रशिक्षणार्थींनी कायम करण्याची मागणी घेऊन आंदोलने केली तेव्हा हजेरी सहाय्यकांची आठवण आल्यावाचून राहिली नाही.

२००५ च्या कायद्याकडे परत जाऊन एका गोष्टीचा विचार करावयाचा आहे. त्यात तारखेची पोचपावती मागण्याचा हक्क स्पष्ट लिहिला गेला. भत्ता पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान चतुर्थांश, त्यापुढे किमान निम्मा. मजुरी केंद्राने द्यायची, भत्ता मात्र राज्याने स्वतःच्या तिजोरीतून; म्हणजे राज्याने काम वेळेवर काढावे. कागदावर ही योजना सुरेख आहे. प्रत्यक्षात काम वेळेवर काढण्याइतकाच दुसराही मार्ग राज्याला मोकळा राहिला, मागणीच न नोंदवण्याचा. मजुराच्या बाजूने अटी होत्या त्या अशा : दिलेले काम नाकारले, कळवल्यापासून पंधरा दिवसांत हजर झाला नाही, किंवा परवानगीशिवाय आठवड्याहून अधिक गैरहजर राहिला, तर तीन महिने भत्त्याचा हक्क गेला. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवरील हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून, घेणे सक्तीचे झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी जिथे आवाजही नीट पोहोचत नाही तिथे छायाचित्र कसे पोहोचणार, हा प्रश्न मजुराच्या मजुरीचा होता. यात दोंडाईचा शहर स्वतः नव्हते. ते नगरपरिषदेचे गाव, आणि हा कायदा ग्रामीण भागाचा. वेशीबाहेरच्या मजुराला मागणीचा अर्ज, वेशीआतल्याला तोही नाही. महाराष्ट्राच्या जुन्या कायद्याने ‘क’ वर्ग नगरपालिकांनाही हमीत घेतले होते, याची येथे आठवण करून द्यावीशी वाटते.

आणि मग ऊसतोडीचा हंगाम येतो. खानदेशातून दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या साखर कारखान्याच्या उसावर, जाणाऱ्या मजुरांचे तपशीलवार वर्णन यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकापासून केले आहे. नोव्हेंबरच्या सुमारास निघायचे, मेच्या सुमारास परतायचे. उचल पावसाळ्यातच घेऊन खाल्लेली असते. स्त्रीपुरुषांची जोडी म्हणजे एक कोयता, मुले पाठीमागे. तिथे पोचपावती नाही, पंधरा दिवसांची वाट नाही, आपण बेकार आहोत हे सिद्ध करायचे नाही. मुकादम ते न विचारताच ओळखून असतो. शिंदखेड्याच्या एखाद्या कुटुंबाने अर्ज भरून, पावतीसाठी भांडून, पंधरा दिवस थांबून चतुर्थांश मजुरीचा भत्ता मागावा, की हातात आलेली उचल घेऊन सुरतेकडे जाणारी गाडी पकडावी, याचे उत्तर ते कुटुंब दरवर्षी देत आले आहे. बारडोलीत उसाच्या फडाशेजारी पाल ठोकून राहणारी ही माणसे त्या सहा महिन्यांत गावच्या कुठल्याही मागणीवहीत नसतात.